तिसऱ्या रांगेतलं हसू

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की म्हाताऱ्या टाचणीच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. शेजारच्या दोघी जावा यायच्या, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर स्वतःची उशी काखेत मारून यायचे, नात गृहपाठ अर्धवट टाकून टीव्हीसमोर फतकल मारायची. सून आवाज वाढवायची आणि ती जुनी धून सुरू व्हायची. "आता कोणी बोलायचं नाही," असं पोस्टमास्तर बजावायचे आणि मग शेवटपर्यंत तेच बोलत राहायचे.

मालिकेचं नाव 'एकच किल्ली'. तीसएक वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा लागली होती आणि आता एका वाहिनीने ती पुन्हा दाखवायला घेतली होती. सात माणसांचं घर आणि दाराला किल्ली एकच, एवढीच गोष्ट. दर आठवड्याला कोणीतरी दाराबाहेर अडकायचं आणि घरभर गोंधळ उडायचा. आई खिडकीतून तोफ डागायची, थोरला पाइपावरून चढायचा, धाकटी शेजाऱ्यांकडे जाऊन खुशाल जेवून यायची. या सगळ्यांच्या मधोमध आजोबा. कोटाचे सगळे खिसे उलटे करून झाल्यावर ते शांतपणे म्हणायचे, "किल्ली माझ्याकडे नाही. पण ती कुठे कुठे नाही, हे मला नक्की ठाऊक आहे."

त्या काळी मालिका सुरू झाली की दुकानदार शटर अर्ध्यावर ओढायचे. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते, ज्यांच्या घरी होता त्यांच्याशी आठवडाभर गोड बोलायचे. पोस्टमास्तर सांगायचे, एकदा बायकोने त्यांच्याशी अबोला धरला होता. तो तिने फक्त त्या अर्ध्या तासापुरता सोडला, शेजारी बसून खदखदून हसली, आणि नावं पडद्यावर सरकायला लागली तशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित ओला व्हायचा, कारण ती बायको आता नव्हती.

मालिकेत प्रेक्षकांचं हसणं ऐकू यायचं. त्यात एक हसू सगळ्यांच्या वर निघायचं. आधी नाकातून एक फुर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग भरली घागर कलंडावी तसं घळघळ. ते आलं की खोलीतल्या सगळ्यांच्या माना टाचणीकडे वळायच्या, कारण ते हसू तिचं होतं, चित्रणाच्या वेळी प्रेक्षकांत बसून हसलेलं. ती चष्मा सावरत, मान झुकवून सगळ्यांचा मुजरा घेतल्यासारखं करायची. नातीला तर शाळेत मिरवायला तेवढं पुरत होतं.

असंच चाललं होतं. मग एका शनिवारी जेवणाच्या टेबलाचा भाग लागला. आजोबा घरच्यांसमोर उभे राहून बोलायला लागतात, बोलता बोलता मध्येच थांबतात, चांगले बराच वेळ थांबतात, आणि त्या थांबण्यावर टाचणीचं हसू कोसळतं. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. टाचणी मात्र उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तो भाग ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. आणि तिला लख्ख आठवत होतं, की चित्रणाच्या वेळी ती तिथे हसली नव्हती. हसणं दूरच, तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

आजोबांचं काम करणाऱ्या नटाशी, त्यांनाही सगळे आजोबाच म्हणत, तिचं फार चांगलं जमायचं. मग एक दिवस त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. का, ते तिला कधी कळलं नव्हतं. नळापाशी उभी असताना ते आता कळल्यासारखं वाटलं. तिने त्यांची टर उडवली, असं ते तीस वर्षं समजत असणार. माणूस जिवंत असेल तर त्याला एवढं तरी सांगायलाच हवं, की मी हसले नव्हते. हे एकदा डोक्यात बसलं ते काही केल्या हलेना.

त्या काळी ती स्टुडिओत कपड्यांचं बघायची. जिन्याखालची बुटकी खोली, दोन शिलाई यंत्रं, एक इस्त्री, आणि हँगरवर टांगलेली सात माणसांची सात आयुष्यं. ती अंगाने काडी आणि ओठांत कायम चार टाचण्या, म्हणून नाव पडलं टाचणी. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. तोंडात टाचण्या असताना हसणं जिवावरचं काम, म्हणून ही बाई दिवसभराचं हसू पोटात साठवते आणि संध्याकाळी एकदम सांडते, असं सगळे म्हणत.

'एकच किल्ली'चं चित्रण प्रेक्षकांसमोर व्हायचं. लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या खुर्च्यांच्या पाच रांगा. एकदा खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून दिग्दर्शकाने हाताशी सापडतील ती माणसं आणून बसवली. टाचणीच्या वाट्याला तिसऱ्या रांगेतली टोकाची खुर्ची आली. आजोबांनी खिसे उलटे केले, ते वाक्य टाकलं, आणि टाचणी सांडली. तिच्या हसण्याला सगळे हसले, कॅमेरा चालवणारा हसला, कॅमेरा हलला, दृश्य वाया गेलं. दिग्दर्शक तापट होता. आता हिचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "ती खुर्ची आजपासून हिची. आणि तिच्या डोक्यावरचा माइक जरा खाली घ्या."

माइक खाली घेतला तो ध्वनिमुद्रकाने. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने टाचणीच्या हसण्याचे तुकडे कापून बिस्किटांच्या एका डब्यात जपून ठेवले होते. छोटं, मधलं आणि मोठं. प्रेक्षक थंड निघाले की कानसेन डबा उघडायचा आणि हवं ते हसू हवं तिथे चिकटवायचा. टाचणीला हे माहीत होतं, आणि तिला त्याचं भारी कौतुक. "मी घरी झोपलेली असते तेव्हासुद्धा माझं हसू कामावर असतं," ती म्हणायची, "पगार मात्र एकटीचाच देतात मेले."

आजोबांचं वय तेव्हा जेमतेम पन्नास. केस तिशीच्या आतच पांढरे झाले, त्यामुळे नाटकात पहिल्यापासून म्हाताऱ्यांची कामं. माझं तारुण्य रंगभूषाकाराला कधी सापडलंच नाही, असं म्हणून ते स्वतःवर हसायचे. जन्म रंगमंचावर गेलेला, आणि कॅमेऱ्याची मात्र धास्ती. नाटकात समोर अंधार असतो, पण तो अंधार श्वास घेतो. हे यंत्र नुसतं बघतं, असं त्यांचं म्हणणं. टाचणीचं हसू ऐकल्या दिवसापासून त्यांनी कॅमेऱ्याचा नाद सोडला. ते तिसऱ्या रांगेच्या टोकाला बघून काम करायला लागले. कॅमेऱ्याने काय घ्यायचं ते बाजूने घ्यावं.

चित्रणाआधी ते जिन्याखालच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचे आणि आपली वाक्यं म्हणून दाखवायचे. टाचणी शिवत ऐकायची. काम जमलं तर यंत्र चालू राहायचं. फसलं तर थांबायचं.

"काय झालं?"

"काही नाही. दोरा तुटला."

"कुठे तुटला ते सांग, अगं टाचणे."

मग ती सांगायची. कोणत्या शब्दावर घाई झाली, कुठे उगाच हात हलला. मोठमोठ्या समीक्षकांना बधला नाही असा माणूस शिलाई करणाऱ्या बाईसमोर शाळेतल्या पोरासारखा माना डोलवायचा. घरी तिचा नवरा चेष्टेने म्हणायचा, तुझा सासरा स्टुडिओत भेटला वाटतं. ती म्हणायची, सासरा एवढं ऐकून घेत नाही.

मग तो भाग आला. थोरला वेगळं घर करणार, म्हणजे आता कुटुंबात दुसरी किल्ली येणार. सगळे शेवटचं एकत्र जेवायला बसलेत. आजोबांनी उभं राहून म्हणायचं, "या घराला एकच किल्ली होती, म्हणून आपण एकमेकांची वाट बघायला शिकलो." आजोबा "म्हणून" पर्यंत आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. रंगमंचावर तीस वर्षांत जे झालं नाही ते तिथे, सात पानं वाढलेल्या टेबलापाशी झालं. टाचणी एरवी पोट धरून हसणाऱ्या माणसांच्या मध्ये बसली होती, पण त्या वेळी कोणी हसलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. आजोबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. टाचणीचा चेहरा रडवेला झाला होता. तिने नुसते ओठ हलवले: वाट. त्यांनी शब्द उचलला, वाक्य पुरं केलं, आणि टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी ते खोलीत आले, पण स्टुलावर बसले नाहीत. "आज तू नसतीस तर मी त्या टेबलाखाली शिरलो असतो," एवढंच म्हणाले आणि गेले.

भाग दाखवला गेला त्या संध्याकाळी टाचणी जिन्याखाली पुढच्या आठवड्याचे कपडे शिवत होती. तिथे टीव्ही नव्हता. दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली तर जो तो आजोबांची नक्कल करत होता. बोलता बोलता थांबायचं, डोळे मोठे करायचे आणि सगळ्यांनी हसायचं. भाजीवाल्याने तिला सुटे द्यायचे विसरल्याचा अभिनय केला. टाचणीला वाटलं, लोकांनी सांभाळून घेतलं. एवढी मोठी चूक, पण लोकांनी मायेने पोटात घातली. ती हरखून गेली. आजोबा कोट घ्यायला दारात उभे राहिले तेव्हा ओठांतल्या टाचण्या न काढताच ती म्हणाली, आजोबा, लोक नुसते वेडे झालेत, आज पण एकदा विसरा की.

आजोबांनी हात पुढे केला. "कोट द्या, बाई," म्हणाले.

बाई. आणि द्या. टाचणीला वाटलं, नवीन विनोद असेल. पण पुढच्या वेळी कोट न्यायला दुसराच माणूस आला. त्याच्या पुढच्या वेळीही. स्टूल रिकामं राहिलं. आधी ती वाट बघत राहिली, मग तिला वाईट वाटलं, आणि मग राग आला. मोठ्या माणसांची मर्जी म्हणजे उन्हाळी ढग, तिने मनाशी ठरवलं, गेले तर गेले उडत. खुर्चीत बसणं हे तिचं काम होतं म्हणून ती बसायची, हाताची घडी घालून. काही आठवड्यांनी मालिकाच संपली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला, तेव्हा टाचणी कुणाचातरी शर्ट इस्त्री करायचं निमित्त काढून खोलीतच राहिली. फोटो निघाला. माणसं पांगली. तिचा नवरा गेला, मुलगा मोठा झाला, डोळे अधू झाल्यावर तिने घरची शिलाईही सोडली. आजोबांची चौकशी करायची म्हणून कितीदा तरी तोंड उघडलं, आणि तितक्यांदा मिटलं. त्यांनी विचारलं का आपल्याला?

नळापाशी उभी राहिल्यावर दुसऱ्या दिवशी तिने कानसेनला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला माहीत असेल." त्याने सांगितलं ते असं. पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता, कारण चित्रणाचा हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला. आजोबांचं थांबणं कापावं तर दृश्य तुटत होतं. दिग्दर्शक म्हणाला, आजोबा विसरभोळे आहेतच की, विसरू देत, त्यावर टाचणीचं मोठं टाक. कानसेनने डबा उघडला आणि टाकलं. तो म्हणाला, त्या वेळी दोघांनाही वाटलं की आपण आजोबांची लाज राखली.

आजोबा हयात होते, हेही त्यानेच सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलीकडे. कान जवळजवळ गेलेले. सून म्हणाली, फोनच करा ना आई. टाचणी म्हणाली, बहिऱ्या माणसाला फोन करू, मग आंधळ्याला फोटो पाठवू. दोन बस बदलून ती निघाली आणि वाटेत वाक्य घोळवत राहिली. ते हसू माझं नव्हतं. छे, माझंच होतं. माझं होतं, पण तेव्हाचं नव्हतं. शेजारी बसलेली मुलगी जरा सरकून बसली.

दार आजोबांच्या मुलीने उघडलं. आजोबा खिडकीपाशी बसले होते आणि समोर टीव्ही आवाजाशिवाय चालू होता. केस होते तसेच पांढरे. बाकीचा माणूस आता कुठे त्या केसांच्या वयाला पोचला होता. त्यांनी वर पाहिलं आणि क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले, "टाचणी."

ती खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी बसली. पाठ केलेलं सगळं विसरली आणि नुसती ओरडली, "मी हसले नव्हते. ते हसू डब्यातलं होतं, आजोबा." समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

"हळू," आजोबा म्हणाले. "मी बहिरा आहे, शेजारी नाहीत."

मग ते तिच्याकडे वळले. "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," म्हणाले. "तुझी सगळी हसणी मी ओळखतो. ते तू थोरला पाइपावरून घसरला तेव्हा हसली होतीस. कानसेनने आळस केला, दुसरं काही नाही. आणि मी थांबलो तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?"

मग बोलणं का टाकलंत, हा टाचणीच्या तोंडावरचा प्रश्न बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा होता.

"मला वाटलं, तू रागाने लाल होऊन येशील. म्हणशील, माझं हसू चोरून तुमच्या तोंडावर फेकलं यांनी, चला भांडायला जाऊ. मी घरून निघालो तो भांडायच्या तयारीनेच. आणि तू म्हणालीस, आज पण एकदा विसरा की."

ते वाक्य तिला आठवलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आता ते टाचण्यांसकट आठवलं. ती घाईने म्हणाली, ओरडून म्हणाली, की मी तो भाग पाहिलाच नव्हता, तिथे डब्यातलं हसू टाकलंय हे मला माहीत नव्हतं, लोक म्हणत होते त्यावरून बोलले.

आजोबांनी मान हलवली. "असेल. पण मी विसरलो होतो हे तर तू पाहिलं होतंस. एकट्या तुलाच ठाऊक होतं की तो विनोद नव्हता."

मुलीने चहा आणून ठेवला. तो दोघांनीही घेतला. ती हसणं फेडायला आली होती, आणि देणं निघालं ते भलतंच. त्याची तयारी तिने दोन बसमध्ये कुठेच केली नव्हती. कप खाली ठेवून तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चुकलं, एवढंच म्हणाली. ते ऐकू जाण्याइतकं मोठं नव्हतं, पण त्यांनी परत म्हणायला लावलं नाही.

"मीही गाढवच," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. पण तेव्हा प्रत्येक वाक्याची भीती बसली होती. पुढे मी तिसऱ्या रांगेकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा विसरलो असतो." निरोप घेताना त्यांनी बजावलं, "आता राहिलेले भाग लागतील. ते बघू नकोस. काम वाईट आहे."

मुलगी दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, काहीतरीच बोलतात बाबा, शेवटचे भागच तर लोकांना सगळ्यात जास्त आवडतात. आम्ही सगळे तेच सांगतो त्यांना.

पुढच्या शनिवारी चपलांचा ढीग पडला, पोस्टमास्तर उशी घेऊन आले, आणि टाचणी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. तोच कोट, तेच खिसे, प्रत्येक शब्द जागच्या जागी. आजोबांची नजर ताटांवर जात होती, दारावर जात होती, सरळ कॅमेऱ्यात जात होती. उजवीकडे, जिथे ती हाताची घडी घालून बसली होती, तिकडे नजर एकदाही वळली नाही. त्यांनी खिसे उलटे केले आणि न थांबता वाक्य टाकून मोकळे झाले, जसं पैसे देऊन दुकानातून निघावं. हसू आलं ते डब्यातलं. ती स्वतः तेव्हा हसलीच नव्हती. एवढा चांगला नट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडत होता आणि ती तिथे पाच पावलांवर रुसून बसली होती. पोस्टमास्तर गुडघ्यावर थाप मारून हसले. काय माणूस होता, म्हणाले. सुनेने विचारलं, छान आहे ना आई? टाचणी म्हणाली, हो.

दोन दिवसांनी ती पुन्हा दोन बस बदलून गेली. आजोबांनी वर पाहिलं आणि टीव्ही बंद केला. बघितलंस ना, असं त्यांनी विचारलं नाही. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"वाईट होतं, आजोबा. फार वाईट."

स्वयंपाकघरातून मुलगी कपाळाला आठ्या घालून बाहेर आली. आजोबा खुर्चीत सरळ होऊन बसले. इतकी वर्षं ते ज्या कामाला वाईट म्हणत होते, त्याला घरातले, दारातले, रस्त्यातले सगळे चांगलंच म्हणत आले होते.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

तिने सांगायला सुरुवात केली. दार वाजतं तिथे मान आधीच वळली. धाकटी रडते तिथे तिच्याकडे बघायचं सोडून हातातल्या पेल्याकडे बघितलंत. ती ओरडून ओरडून सांगत होती, समोरची खिडकी पुन्हा उघडली होती, आणि आजोबा कान पुढे करून, डोळे मिटून, एकेक गोष्ट मान हलवत घेत होते.

"आणि खिसे?"

"खिसे उलटे केल्यावर थांबला नाहीत."

"किती थांबायला हवं होतं?"

"माझ्याकडे बघून होईपर्यंत."

आजोबांनी डोळे उघडले.

"शनिवारचा भाग याहून वाईट आहे," म्हणाले. "बघ, आणि ये."